पदव्युत्तर प्रबंधिका, महाराष्ट्रातील

पदव्युत्तर अभ्यासक्रमात व्याख्याने व लेखी परीक्षा यांच्या जोडीला विद्यार्थ्याने मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली स्वतंत्रपणे संशोधन करून त्याचे जे लेखन परीक्षणार्थ सादर करावयाचे असते, त्यास प्रबंधिका म्हणतात. विद्यापीठपरत्वे व काळपरत्वे तिला लघुप्रबंध, शोधनिबंध किंवा नुसतेच प्रकल्प असेही म्हटले जाते. पीएच्. डी.च्या प्रबंधाहून ती वेगळी होय. प्रबंधात नव्या ज्ञानाची भर अपेक्षित असते. प्रबंधिकेत विद्यार्थी संशोधनाची पद्धती हाताळू शकतो, पुरावा गोळा करून त्याची छाननी करू शकतो व त्यावरून आपले म्हणणे सुसंगतपणे मांडू शकतो, एवढे दिसले तरी पुरते. तथापि ही मर्यादा पूर्वीपासूनची नाही. महाराष्ट्रात एके काळी एम्. ए. हीच संशोधनाची पदवी होती व तिच्यासाठी लिहिलेली पुस्तके आजही अभ्यासकांच्या वापरात आहेत.

विद्यापीठाचे नियम अधिनियम, परिनियम, अध्यादेश व विनियम अशा उतरत्या क्रमाने केलेले असतात. प्रबंधिकेसंबंधीचे तपशील यांतील शेवटच्या दोन प्रकारांत येतात, आणि म्हणूनच त्यांच्याकडे सामान्य वाचकाचे सहसा लक्ष जात नाही. प्रबंधिका कोणी लिहावी, तिला किती गुण अथवा श्रेयांक असावेत, मार्गदर्शक कोण व त्याच्याकडे किती विद्यार्थी, परीक्षण कोणी करावे, हे त्या तपशिलांतील मुख्य प्रश्न. गेल्या शंभर वर्षांत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पार बदलली. निवडक विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेले मोठे संशोधन मागे पडून सर्वांसाठी सक्तीचे लहान संशोधन आले. तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे शिक्षकाच्या वेळाचे, उत्तर मात्र त्या प्रमाणात नियमांत उतरलेले नाही, असे दिसते.

मुंबई विद्यापीठाचा पूर्वकाळ : मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झाले, ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे मुख्यतः परीक्षा घेणारी व पदव्या देणारी संस्था म्हणून. अध्यापन संलग्न महाविद्यालयांत होई. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे १८६२ मधील पहिल्या बी. ए. पदवीधरांपैकी. पुढे दोघेही एम्. ए. झाले, परंतु त्या काळची एम्. ए. म्हणजे नेमलेल्या ग्रंथांवरील लेखी परीक्षा होती. भांडारकरांचे संशोधन पदवीनंतर व पदवीबाहेर झाले. विद्यार्थ्याने स्वतः काही शोधून काढावे, अशी विद्यापीठाची अपेक्षाच नव्हती आणि तशी सोयही नव्हती.

१९०४ च्या भारतीय विद्यापीठ अधिनियमाने विद्यापीठांना प्राध्यापक नेमण्याची, ग्रंथालये व प्रयोगशाळा चालविण्याची मुभा दिली. कलकत्त्यात आशुतोष मुखर्जी यांनी तिचा लाभ घेऊन १९१७ मध्ये पदव्युत्तर विभाग उभे केले. मुंबईने सावकाश पावले टाकली. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली नागरशास्त्र व समाजशास्त्र यांचा विभाग सुरू झाला. तेथील विद्यार्थी गोविंद सदाशिव घुर्ये हे केंब्रिजहून पीएच्. डी. घेऊन परतले व १९२४ मध्ये विभागाचे प्रमुख झाले. त्यांच्या कारकीर्दीत प्रश्नपत्रिकांऐवजी प्रबंध सादर करून एम्. ए. होण्याची वाट प्रत्यक्षात वापरात आली. ‘प्रबंधाद्वारे एम्. ए.’ आणि ‘प्रश्नपत्रिकांद्वारे एम्. ए.’ हा शब्दप्रयोग मुंबईच्या शैक्षणिक बोलीत पुढे दीर्घकाळ रूढ होता.

या वाटेने गेलेल्यांपैकी इरावती कर्वे यांचे उदाहरण ठळक आहे. फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झाल्यावर दक्षिणा अधिछात्रवृत्ती मिळवून त्या घुर्ये यांच्याकडे आल्या व १९२८ मध्ये चित्पावन ब्राह्मणांच्या मानववंशविषयक अभ्यासावर त्यांनी एम्. ए. मिळविली. पुढील दोनच वर्षांत बर्लिन येथे त्या पीएच्. डी. झाल्या. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाची पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुनर्रचना झाली, तेव्हा त्या तेथे रुजू झाल्या. म्हैसूरहून आलेले एम्. एन्. श्रीनिवास यांचा म्हैसूरमधील विवाह व कुटुंबसंस्था यांवरील ग्रंथ १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला, तो मुळात मुंबईच्या एम्. ए.साठी लिहिलेला प्रबंध होता. मुंबईत पीएच्. डी. रुजण्यापूर्वीच्या काळात एम्. ए.च्या प्रबंधाकडून एवढी अपेक्षा ठेवली जाई व काही विद्यार्थी ती पुरीही करीत. हे विद्यार्थी संख्येने थोडे होते, ही गोष्ट मात्र विसरता कामा नये. वर्षावर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके विद्यार्थी एका प्राध्यापकाच्या खोलीत बसून काम करीत. त्यांच्यासाठी नियमांचा मोठा पसारा लागत नव्हता.

विज्ञानातील समांतर वाट म्हणजे ‘संशोधनाद्वारे एम्. एस्‌सी.’. कमला भागवत (विवाहोत्तर सोहोनी) या १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्‌सी. झाल्या. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी त्यांनी अर्ज केला, तेव्हा त्या स्त्री असल्याच्या कारणावरून संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रथम नकार दिला. त्यांच्या आग्रहानंतर काही अटींवर त्यांना घेण्यात आले. दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी तेथे काम केले व त्या संशोधनाच्या बळावर १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाची एम्. एस्‌सी. मिळविली. भारतीय विज्ञान संस्थेला १९५८ पर्यंत विद्यापीठाचा दर्जा नव्हता. त्यामुळे तेथील विद्यार्थ्यांना आपले संशोधन एखाद्या विद्यापीठाकडे सादर करावे लागे, आणि मुंबईचा नियम त्यांना उपयोगी पडला. १९३९ मध्ये सोहोनी केंब्रिजच्या पीएच्. डी. झाल्या. एका संस्थेच्या प्रमुखाची मर्जी आणि दुसऱ्या संस्थेचा लिखित नियम यांतील अंतर या प्रकरणातून दिसते. बंगलोरच्या दारात त्यांना विनवणी करावी लागली. मुंबईच्या परीक्षकांसमोर मात्र त्यांचे काम इतरांच्या कामासारखेच ठेवले गेले.

परदेशांत याच सुमारास निरनिराळे प्रघात होते. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पदव्युत्तर विद्यार्थ्याने ठरावीक काळ वर्गांना हजर राहून शेवटी निबंध सादर करावयाचा असे. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ मध्ये तेथे गेलेले भीमराव रामजी आंबेडकर यांनी मे १९१५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे प्रशासन व वित्तव्यवहार या विषयावरील प्रबंधिका एम्. ए.साठी सादर केली. अभ्यासक्रम व संशोधन यांची सांगड घालणारी ही पद्धती त्यांना मुंबईत मिळाली नसती. पुढे लंडनमध्ये १९२१ मध्ये त्यांनी एम्. एस्‌सी. मिळविली, ती ब्रिटिश हिंदुस्थानातील साम्राज्यवित्ताच्या प्रांतिक विकेंद्रीकरणावरील प्रबंधावर. धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील १९२४ चा ग्रंथ हाही केंब्रिजच्या एम्. लिट्. पदवीसाठी केलेल्या कामातून निघाला. हेच गाडगीळ पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे (स्थापना १९३०) संचालक झाले. त्यांच्या हाताखाली ग्रामीण महाराष्ट्राची पद्धतशीर सर्वेक्षणे झाली.

नीरा खोरे : संशोधन आणि पदवी यांची फारकत किती होती, हे पाहण्यासाठी पुणे जिल्ह्याचा आग्नेय भाग सोयीचा आहे. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सणसर (ता. इंदापूर) हे गाव वारकऱ्यांना तुकाराम महाराजांच्या पालखीच्या मुक्कामामुळे व शेतकऱ्यांना भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्यामुळे माहीत असते. पाणीवाटपाच्या चर्चांत सणसर जोड कालव्याचे नाव वारंवार येते. अभ्यासकाच्या दृष्टीने हा मुलूख फार पूर्वीपासून मोजलेला आहे. प्रिंगल यांची जमीनमोजणी व आकारणी फसल्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातच नव्या जमाबंदीची सुरुवात केली आणि तीच पद्धती पुढे मुंबई इलाख्यात पसरली. शेताशेताची प्रत ठरवून तीस वर्षांसाठी सारा बांधून देण्याचा हा उपक्रम होता. त्याची कागदपत्रे इतिहासकारांना अजून पुरलेली नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत नीरा डाव्या कालव्याचे पाणी या दुष्काळी पट्ट्यात आले आणि त्यामागोमाग ऊस आला. पाण्याचा अतिवापर व निचऱ्याचा अभाव यांमुळे काळी जमीन खारवटू लागली. हॅरल्ड मॅन व व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर केलेला अभ्यास मुंबई सरकारच्या शेतकी खात्याने १९१० मध्ये पत्रिकेच्या रूपाने प्रसिद्ध केला. मॅन हे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचे त्यांनी केलेले सर्वेक्षण मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रीय ग्रंथमालेतील पहिले पुस्तक म्हणून १९१७ मध्ये निघाले, आणि एन्. व्ही. कानिटकर यांच्या साहाय्याने केलेला जातेगाव बुद्रुकचा अभ्यास १९२१ मध्ये आला. जमिनीचे तुकडे, कर्ज, कुटुंबाचे उत्पन्न व खर्च यांची घरोघर फिरून केलेली ही मोजणी म्हणजे प्रबंधिकेने जे करावयाचे त्याचा उत्तम नमुना होय. ती कोणाच्याही पदवीसाठी केलेली नव्हती. विद्यापीठ अशी पुस्तके छापीत होते. मात्र आपल्या बहुसंख्य एम्. ए. विद्यार्थ्यांकडून त्यांतील एक पानही लिहून घेत नव्हते.

नीरेकाठी पाडेगाव (जि. सातारा) येथे १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. सणसर-बारामतीकडच्या उसाच्या शेतीचे शास्त्र तेथे घडले. कृषी विद्यापीठाच्या स्थापनेनंतर हे केंद्र त्याच्याकडे आले. अलीकडच्या काळात शेतकऱ्यांच्या तोंडी असलेला ‘फुले २६५’ हा खारवट जमिनीत तग धरणारा वाण याच केंद्राचा.

पुणे विद्यापीठ व संख्यावाढ : १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) स्थापन झाले. मुकुंद रामराव जयकर हे पहिले कुलगुरू. डेक्कन महाविद्यालय, गोखले संस्था यांसारख्या संशोधनाची परंपरा असलेल्या संस्था विद्यापीठाच्या परिसरातच असल्याने पदव्युत्तर अध्यापन व संशोधन यांचा मेळ पुण्यात सहज बसेल, असे वाटत होते. काही विषयांत तो बसलाही. परंतु स्वातंत्र्योत्तर काळात महाविद्यालये तालुक्याच्या गावी पोहोचू लागली. बारामतीत १९६२ मध्ये तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले. ज्या मुलाला पूर्वी एम्. ए.साठी पुण्यास खोली घेऊन राहावे लागले असते, तो पुढे घरून सायकलने अथवा एस्. टी.ने जाऊन पदवीधर होऊ लागला. आणि पदव्युत्तर वर्ग निघाल्यावर एम्. ए.ही तेथेच करू लागला. हा बदल मोठाच होता. बागायती गावांतील शेतकरी कुटुंबांच्या पहिल्या पदवीधर पिढ्या अशाच महाविद्यालयांतून बाहेर पडल्या.

प्रबंधिकेच्या दृष्टीने मात्र या बदलाने पेच निर्माण केला. शंभर-दीडशे विद्यार्थ्यांच्या वर्गाला दोन-तीन शिक्षक असतील, तर प्रत्येकाचे स्वतंत्र संशोधन तपासणे शक्य नसते. विद्यापीठांनी यातून व्यवहार्य मार्ग काढला. प्रबंधाद्वारे एम्. ए.ची जुनी वाट क्षीण होत गेली आणि प्रबंधिका एखाद्या प्रश्नपत्रिकेला पर्याय म्हणून, तीही पहिल्या वर्षी विशिष्ट गुण मिळविणाऱ्यांसाठी, अनेक विषयांत उरली. बहुसंख्य विद्यार्थी आठ प्रश्नपत्रिका देऊन, ग्रंथालयातील एकही मूळ कागद न हाताळता एम्. ए. होऊ लागले. मार्गदर्शिका व अपेक्षित प्रश्नसंच यांची बाजारपेठ याच काळात फोफावली.

शिक्षणशास्त्र व वैद्यक यांची गोष्ट निराळी. मुंबई विद्यापीठाने १९३६ मध्ये एम्. एड्. ही पदवी सुरू केली व या अभ्यासक्रमात प्रबंधिकेला कायमचे स्थान मिळाले. एम्. डी., एम्. एस्. या वैद्यकीय पदव्यांसाठी रुग्णालयातील निरीक्षणांवर आधारलेला प्रबंध सक्तीचा असतो.

कृषी विद्यापीठांची परंपरा : अभ्यासक्रम व संशोधन यांची सांगड सर्वांत नेटकेपणाने कृषी विद्यापीठांनी घातली, असे म्हणावे लागते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९५८ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. अमेरिकेतील जमीन-अनुदान महाविद्यालयांतील पद्धती तेथे आली : श्रेयांक, सत्रांतर्गत मूल्यमापन, मुख्य व गौण विषय आणि प्रत्येक विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र सल्लागार समिती. महाराष्ट्रात १९६८ मध्ये महात्मा फुले कृषी विद्यापीठाची (राहुरी) स्थापना झाल्यावर पुण्याचे शेतकी महाविद्यालयही त्याच्या कक्षेत आले. एम्. एस्‌सी. (कृषी)च्या विद्यार्थ्याला येथे प्रबंधाचा पर्याय नसतो, तो लिहावाच लागतो. विषयाची रूपरेषा समितीपुढे मांडणे, ती मान्य होणे, हंगामात प्रत्यक्ष प्रयोग घेणे, प्रबंध बाह्य परीक्षकाकडे पाठविणे व शेवटी मौखिक परीक्षा देणे हे टप्पे ठरलेले असतात.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २००९ मध्ये लागू केलेल्या आराखड्यात एम्. एस्‌सी.च्या ५५ श्रेयांकांपैकी २० संशोधनासाठी होते. २०२१ च्या सुधारित आराखड्यात एकूण श्रेयांक ७० व त्यांपैकी प्रबंधासाठी ३० असे प्रमाण ठेवण्यात आले. मुख्य विषयाला २०, गौण विषयाला ८, पूरक विषयांना ६, सामायिक विषयांना ५ व चर्चासत्राला १ अशी उरलेल्यांची वाटणी आहे. म्हणजे पदवीचा सर्वांत मोठा एकल घटक संशोधन हाच होय. हे परवडते, याचे कारण या विद्यापीठांत प्रवेशसंख्या मर्यादित असते, शिक्षक स्वतः संशोधन प्रकल्पांवर नेमलेले असतात व प्रयोगासाठी जमीन हाताशी असते. पाडेगावसारख्या केंद्रावर एखादा विद्यार्थी दोन वर्षे उसाच्या एकाच प्रश्नावर काम करतो, तेव्हा त्याच्यामागे केंद्राची कित्येक वर्षांची नोंदवही उभी असते. सामान्य विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयातील इतिहासाच्या किंवा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यामागे असे काहीच उभे नसते.

एम्. फिल्. : प्रश्नपत्रिकांच्या एम्. ए.मुळे पडलेली पोकळी भरून काढण्याचे काम सुमारे चाळीस वर्षे एम्. फिल्. या पदवीने केले. १९७० नंतरच्या दशकात तिचा देशभर प्रसार झाला. वर्ष-दीड वर्षाचा अभ्यासक्रम, त्यात संशोधनपद्धतीसह काही प्रश्नपत्रिका व नंतर प्रबंधिका, अशी तिची सर्वसाधारण रचना असे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या महाविद्यालयीन शिक्षकांना ती विशेष सोयीची वाटली. मोफस्सलमधील कित्येक अध्यापकांनी आपला पहिला खराखुरा शोध या पदवीसाठीच घेतला.

पुढे ही पदवी अध्यापकपदाच्या पात्रतेशी जोडली गेली आणि तिचे मूळ प्रयोजन झाकोळले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००६ मध्ये पदवी स्तरावरील अध्यापनासाठी एम्. फिल्.धारकांना राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून सूट दिली. परिणामी संशोधनाची गोडी नसलेल्यांचीही या पदवीसाठी रीघ लागली. २००९ मध्ये ही सूट काढून घेण्यात आली. मधल्या काळात ज्यांनी पदरमोड करून पदवी घेतली होती, त्यांच्या नेमणुका व वेतनवाढी यांचे प्रश्न त्यानंतर वर्षानुवर्षे रेंगाळले. २००९ च्याच विनियमांनी एम्. फिल्. व पीएच्. डी. यांसाठी प्रवेशपरीक्षा व अभ्यासक्रम सक्तीचे केले. २०१६ च्या विनियमांनी प्राध्यापकाकडे एका वेळी तीन, सहयोगी प्राध्यापकाकडे दोन व साहाय्यक प्राध्यापकाकडे एक एवढेच एम्. फिल्. विद्यार्थी असावेत, अशी मर्यादा घातली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एम्. फिल्. बंद करण्याचे ठरविले व नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी तसे प्रत्यक्षात आले. पूर्वी मिळविलेल्या पदव्या त्यामुळे बाधित झाल्या नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाला पुन्हा जाहीर सूचना काढून विद्यापीठांना नवे प्रवेश थांबविण्यास सांगावे लागले.

श्रेयांकांची नवी रचना : एम्. फिल्.चे काम आता पुन्हा एम्. ए., एम्. एस्‌सी., एम्. कॉम्. यांच्याकडे आले. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ठरविलेल्या आराखड्यानुसार दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ८८ श्रेयांकांची असून प्रत्येक सत्रास २२ श्रेयांक आहेत. पहिल्या सत्रात संशोधनपद्धतीस ४, दुसऱ्यात कार्यप्रशिक्षण अथवा क्षेत्रीय प्रकल्पास ४, तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्पास ४ व चौथ्यात ६ अशी तरतूद आहे. पहिल्या वर्षाअखेर ४४ श्रेयांकांवर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येते. या रचनेत प्रत्यक्ष संशोधन प्रकल्पाचा वाटा ८८ पैकी १० एवढा भरतो. कृषी विद्यापीठातील ७० पैकी ३० शी त्याची तुलना केली, तर दोन परंपरांमधील अंतर स्पष्ट होते. दुसऱ्या बाजूने पाहता, पूर्वी जेथे बहुसंख्यांना शून्य होते तेथे आता सर्वांना दहा आहेत, हेही खरे.

जून २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी जो राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला, त्यात दुसऱ्या वर्षासाठी तीन पर्याय आहेत : केवळ अभ्यासक्रम, अभ्यासक्रम व संशोधन निम्मे-निम्मे, किंवा केवळ संशोधन. यांतील तिसरा पर्याय म्हणजे घुर्ये यांच्या काळातील प्रबंधाद्वारे एम्. ए.चेच नव्या वेषातील पुनरागमन होय. फरक एवढाच, की त्या वेळी त्या वाटेने जाणारे मोजके होते व त्यांना ओळखणारा प्राध्यापक त्याच इमारतीत बसत असे.

श्रेयांक म्हणजे वेळाचे माप. प्रात्यक्षिक स्वरूपाच्या कामात एका श्रेयांकास सत्रात ३० तास धरतात. त्या हिशेबाने दहा श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे ३०० तास. हा काळ क्षुल्लक नव्हे. सणसरच्या एखाद्या विद्यार्थ्याने भूगोलाच्या प्रकल्पासाठी कालव्यालगतच्या शिवारातील खारवट गटांची पाहणी केली, तलाठी दप्तरातील पीकपाहणीच्या नोंदी उतरून घेतल्या आणि मॅन-ताम्हाणे यांच्या १९१० च्या निष्कर्षांशी आपले निरीक्षण ताडून पाहिले, तर तीनशे तासांत चांगले काम उभे राहते. इतिहासाच्या विद्यार्थिनीला जमाबंदीचे कागद आहेत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला उसाची बिले, तोडणी कामगारांचे तळ व पतसंस्था आहेत. या विषयांसाठी पुण्यास जाण्याचीही गरज नाही. गरज असते ती आठवड्यातून एकदा लेखन वाचून त्यातील चूक दाखविणाऱ्या शिक्षकाची. विद्यार्थ्याचे तास नियमाने मोजले. मार्गदर्शकाचे मात्र मोजले नाहीत. एम्. फिल्.साठी असलेली एक-दोन-तीनची देशव्यापी मर्यादा एम्. ए.च्या प्रकल्पाला नाही. तासिका तत्त्वावर नेमलेला शिक्षक, ज्याला मानधनच शिकविलेल्या तासांवर मिळते, त्याने पंधरा-वीस प्रकल्प कोणत्या वेळात वाचावयाचे, हा प्रश्न महाविद्यालयागणिक ज्याच्या-त्याच्या कुवतीवर सोडलेला दिसतो.

उचलेगिरीसंबंधीचा २०१८ चा विनियम या ठिकाणी लक्षात घेतला पाहिजे. त्यानुसार प्रबंधात व प्रबंधिकेत इतरांच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडनीय नाही. १० ते ४० टक्के साम्य असल्यास सहा महिन्यांच्या आत दुरुस्त लेखन सादर करावे लागते, ४० ते ६० टक्क्यांस एक वर्ष लेखन सादर करण्यास मनाई होते आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. साम्य शोधणारी संगणकीय साधने फक्त संगणकावर उपलब्ध असलेल्या मजकुराशीच तुलना करू शकतात. जुन्या मराठी मासिकातून उतरलेला परिच्छेद, अथवा शेजारच्या महाविद्यालयात पाच वर्षांपूर्वी सादर झालेली आणि टंकलिखित प्रतीतच राहिलेली प्रबंधिका त्यांना दिसत नाही. ती ओळखण्यासाठी पुन्हा विषय जाणणारा वाचकच लागतो.

प्रबंधिका पुढे कोठे जाते, हाही नियमांचाच भाग होय. २००९ च्या विनियमांनी एम्. फिल्. व पीएच्. डी.च्या प्रबंधांची संगणकीय प्रत आयोगाकडे देणे आवश्यक केले व ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहामुळे हजारो प्रबंध घरबसल्या वाचता येऊ लागले. एम्. ए., एम्. एस्‌सी.च्या प्रकल्पांना अशी देशव्यापी सक्ती नाही. त्यांच्या एक-दोन बांधीव प्रती विभागाच्या कपाटात राहतात आणि जागा अपुरी पडली की जुन्या प्रती प्रथम हलविल्या जातात. तालुक्यांच्या महाविद्यालयांत लिहिले गेलेले ग्रामसर्वेक्षण, बोलीभाषेचे शब्दसंग्रह, विहिरींच्या पाण्याची पृथक्करणे, यात्रांची वर्णने यांतील बराच भाग अशा रीतीने अप्राप्य होतो. नीरा खोऱ्यातील जमिनींविषयी १९१० ची सरकारी पत्रिका आजही संदर्भासाठी मिळू शकते. त्याच शिवारावर गेल्या पंचवीस वर्षांत लिहिलेली विद्यार्थ्यांची प्रबंधिका पाहावयाची असल्यास मात्र संबंधित महाविद्यालयात जाऊन विभागप्रमुखांकडे कपाटाची किल्ली मागावी लागते.